माळाखालचं पाणी

लग्न होऊन मी बेळगावजवळच्या शहापुरात आले आणि सगळ्यात आधी शिकले ते विहिरीवर नंबर धरायला. माहेर निपाणीकडचं. तिथं शेतात मोट चालायची, पाटातून पाणी खळाळत जायचं, आणि पाणी कुणी जपून वापरतं हे मला ठाऊकच नव्हतं. शहापुरात आमची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या मागाचा खटका आमच्या भिंतीला कान न लावताही ऐकू यायचा. सगळ्या गल्लीत मिळून एक विहीर. सूत रंगवायला तिचंच पाणी, ताण्याला खळ लावायला तिचंच, आणि घरोघरी माणसं वाढलेली. चैत्र लागला की दोराला दोर जोडावा लागे. आम्ही जैन, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं आणि फडक्यावर जे राहील ते पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचं, ही आमच्या घरची रीत. उन्हाळ्यात फडक्यावर निव्वळ वाळू राहायची. मी तीही परत नेऊन सोडायची, तेव्हा नंबरातल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.

सन तीसच्या पुढची ती वर्षं. बेळगाव वाढत चाललं होतं. खानापूर, लोंढ्याकडची माणसं नोकरीसाठी येऊन राहत होती आणि भाड्यानं खोली मिळेना झाली होती. आमचे हे शाळेत शिक्षक. त्यांच्या ओळखीतल्या काही शिक्षकांनी, कचेरीतल्या कारकुनांनी आणि चार चांगल्या विणकरांनी मिळून घरं बांधायची सोसायटी काढली. गावाच्या दक्षिणेला मोठा माळ होता. प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून त्याच माळावर झोपड्या घालून राहिले होते. सासरे सांगत, "तिथलं वारं लई चांगलं. त्या वाऱ्यानंच आम्ही वाचलो." त्यामुळे माळाचं नाव निघालं तेव्हा घरात कुणी नाही म्हटलं नाही.

एके दिवशी शाळा सुटल्यावर हे निळ्या कागदाचा नकाशा घेऊन आले. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकलेली असत. भांडी बाजूला सारून त्यांनी तो जमिनीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, मधे देवळाची जागा, मुलांना खेळायला मैदान. खालच्या अंगाला, मोठ्या रस्त्याच्या कडेला आमचा प्लॉट होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात स्वयंपाकघर पूर्वेला करून टाकलं.

मग विचारलं, "पाणी कुठनं आणायचं?"

"जो तो आपल्या परसात आड काढील की," हे म्हणाले.

"आणि नाही लागलं तर?"

त्यांनी नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लागंल गं. एवढा पाऊस पडतोय इथं, जातोय कुठं?"

सोसायटीतल्या एका उतावळ्या सभासदानं पायाच्या आधी आड खणायला घेतला. माळ सगळा जांभ्या दगडाचा. लाल, भोकाभोकांचा दगड, वर करवंदीच्या जाळ्या आणि वाळलेलं गवत. महिनाभर खणून आड खोल गेला आणि कोरडाच राहिला. दुसऱ्यानं माळाच्या वरच्या टोकाला खणला. तिथं तळाला ओल आली, पण कळशी बुडेल एवढं पाणी काही साठेना. बातमी गल्लीगल्लीत पसरली. ज्यांनी हौसेनं प्लॉट घेतले होते ते रस्त्यात भेटले की दुसरीकडे बघू लागले.

देवळाच्या मंडपात सभा भरली. बायका खांबांच्या मागे बसल्या होत्या. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे एक पेन्शनीत निघालेले इंजिनिअर. पाटबंधाऱ्याच्या कामावर आयुष्य गेलेलं, उंच, थोडे वाकलेले, डोक्याला पागोटं आणि अंगात सरकारी नोकरीतला जुना कोट. नकाशा त्यांनीच काढला होता. सगळे त्यांना साहेब म्हणत. सभेत आरडाओरडा सुरू झाला तसे ते उठून उभे राहिले.

"घरं थांबवायची," ते म्हणाले. "आधी पाणी बघायचं. पाणी सापडलं तर घरं कुठं बांधायची ते पाणी सांगेल. नाहीच सापडलं, तर हा माळ आहे तसा करवंदीला सोडून द्यायचा."

"आणि आमी कुठं जायाचं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी बी तुमच्याबरोबरच भाड्याच्या घरात हाय," साहेब म्हणाले. सभेत असं आपल्या गावच्या बोलीत बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. ओरडणारे खाली बसले. तरी काहींनी त्याच आठवड्यात नावं काढून घेतली.

तो सगळा उन्हाळा साहेब माळाच्या भोवतीच्या वाड्यावस्त्यांतून हिंडले. जिथं जुनी विहीर दिसेल तिथं दोराला दगड बांधून आत सोडायचे, मालकाला विचारायचे, काठावरची माती हातात चुरून बघायचे. सुट्टी लागल्यामुळे आमचे हेही बरोबर जात. दोघं घरी परतत ते लाल धुळीनं माखून, आणि मी दारातच पाय धुवायला पाणी द्यायची, ते मात्र अर्धा तांब्याच.

असेच एकदा ते आले आणि साहेब म्हणाले, "बाई, एक परात मिळेल का?"

मी कणकेची परात घासून पुढं ठेवली. त्यांनी पिशवीतून शाडूचा गोळा काढला, थोडं पाणी लावून मळला आणि परातीत एका बाजूला उतार देऊन थापला. त्यावर जांभ्या दगडाचे तुकडे रचले. मग तांब्या घेऊन वरून हळूहळू पाणी ओतायला लागले. दगडानं पाणी पिऊन टाकलं. आणखी ओतलं, तेही गेलं. मला वाटलं, आमचं पाणी उगीच वाया चाललंय. आणि मग परातीच्या खालच्या अंगाला, जिथं शाडूचा उतार संपत होता तिथं, दगडाखालून पाण्याची एक बारीक रेघ बाहेर आली. हलली, थांबली, पुन्हा पुढं सरकली.

सासरे खाटेवरून उठून आले आणि परातीवर वाकले.

"पाणी हरवत नाही," साहेब म्हणाले. "जांभा त्याला पितो, पण ठेवून घेत नाही. खाली शाडू आहे, तो त्याला खाली जाऊ देत नाही. मग ते चालायला लागतं, अंधारात, एवढं एवढं. हा माळ म्हणजे ही परात आहे. आपण चुकीच्या काठावर खणत होतो."

त्या संध्याकाळी मी कणीक मळली ती दुसऱ्या ताटात. परात हलवायला माझा हातच धजेना. सकाळपर्यंत तिच्या खालच्या काठाशी चांगलं ओंजळभर पाणी जमलं होतं, आणि मी किती तरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. आम्ही ज्या माळावर उन्हातान्हात प्लॉट बघायला गेलो होतो, ज्याच्या कोरडेपणाला नावं ठेवली होती, त्याच्या पोटात हे असं काहीतरी चाललेलं होतं. वर आमच्या चपलांचा आवाज, आणि खाली ते चालत होतं.

परातीचा खालचा काठ म्हणजे नकाशात मोठ्या रस्त्याकडचे प्लॉट. विहीर तिथंच घ्यायला हवी होती, आणि एकेकाच्या परसातला आड नव्हे, तर सगळ्या वसाहतीची मिळून एकच मोठी विहीर. तिला दोन प्लॉट लागणार होते. एक आमचा. दुसरा एका विधवा बाईंचा. शहापुरातच दोन माग स्वतः चालवून त्यांनी घर सावरलं होतं. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो.

साहेब विचारायला आले तेव्हा आक्का आमच्याच घरी होत्या. बदल्यात वसाहतीच्या वरच्या टोकाचे प्लॉट मिळतील, रस्त्यापासून लांब, विहिरीपासून तर सगळ्यात लांब, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

आमचे हे नाराज झाले. "साहेब, आम्हीच का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"पाणी तिथं हाय म्हणून," आक्का म्हणाल्या. "त्येला काय मास्तराचा प्लॉट आन् मागवाल्या बाईचा प्लॉट कळतोय व्हय? घ्या साहेब. माझा घ्या."

यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पूर्वेचं स्वयंपाकघर त्या जागेवर उभं होतं, खिडकीसकट. मी म्हणाले, "द्या. चालायला पाय आहेत आपल्याला." बोलले खरी, पण ते गेल्यावर आत जाऊन रडले. आक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रड गं. मी घरी जाऊन रडणार हाय."

दिवाळी झाल्यावर वडारांची टोळी आली. बाया, बाप्ये, पोरंबाळं, गाढवं. माळावरच त्यांनी पालं ठोकली. त्यांची मुकादम एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई होती. ती कानडीत ओरडून हुकूम द्यायची आणि सगळी टोळी हलायची. माहेरी कानडीची सवय असल्यानं माझं तिच्याशी चांगलं जमलं. जांभा ते कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं कापत. आत मऊ असतो, वाऱ्यावर आला की कडक होतो. विहिरीतून निघालेले चिरे एका बाजूला रचत गेले आणि साहेबांनी ठरवून टाकलं की घरांच्या भिंती याच चिऱ्यांच्या. विहीर खाली जात होती आणि तिच्यातूनच आमची घरं वर येत होती. आम्ही रविवारी जाऊन उभे राहायचो. ढीग वाढलेला दिसायचा आणि खड्डा खोल गेलेला दिसायचा, आणि या चिऱ्यांतला कुठला आपल्या उंबऱ्याखाली बसेल याचा मी विचार करायची.

जांभा संपला तशी माती लागली, रंगीत. पण पाणी नव्हतं. संक्रांत गेली, होळी गेली. लोक पुन्हा कुजबुजायला लागले. साहेब रोज सकाळी येऊन काठावर छत्री टेकून उभे राहत आणि दुपारी परत जात. त्यांचा कोट खांद्यावर सैल झाला होता. एकदा यांनी धीर करून विचारलं, "साहेब, खात्री आहे ना?"

"खात्री नाही," ते म्हणाले. "विश्वास आहे. दोन्हीत फरक आहे मास्तर, आणि झोप त्या फरकानंच जाते."

ज्या दिवशी पाणी लागलं त्या दिवशी मी आणि आक्का वडारांच्या पोरांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेलो होतो. ऊन डोक्यावर आलेलं. आम्ही पालांपाशी होतो, आणि विहिरीतून त्या उंच बाईचा आवाज आला.

"नीर बंतु! नीर बंतु!"

पाणी आलं! टोळीतली सगळी माणसं धावली. आम्हीही धावलो. साहेब काठावर होते. त्यांनी छत्री टाकून दिली होती आणि दोन्ही हातांनी पागोटं धरलं होतं. यांना बोलवायला एक माणूस शाळेकडे सायकलवरून गेला. तासाभरात शहापुरातून, शाळेतून, कचेरीतून सोसायटीची माणसं येऊन काठाला लागली, बायकामुलांसकट.

साहेब म्हणाले, "सगळ्यांनी खाली चला. पुन्हा ही जागा कुणाला दिसायची नाही. उद्यापासून ती पाण्याखाली."

जांभ्यातच पायऱ्या कोरल्या होत्या. बायका आधी बिचकल्या, मग पदर खोचून उतरायला लागल्या. मी भिंतीला हात लावत उतरले. वर दगड तापलेला होता. थोडं खाली गेल्यावर हाताला गार लागायला लागला, आणि आणखी खाली वारा थांबला, उन्हाचा वास गेला. जांभ्याचा लाल रंग हळदीसारखा पिवळा झाला, मग फिकट गुलाबी, आणि तळाशी शाडू, लोण्यासारखा पांढरा. मी वर पाहिलं. आकाशाचा एवढासा चौकोन, त्यात एक घार. आमच्या एवढ्या माणसांचा आवाज कुठं गेला कळेना.

ती रंगीत माती जिथं संपत होती आणि शाडू सुरू होत होता, त्या सांध्यातून भिंत घामेजली होती. थेंब थेंब जमत होते, एकमेकांत मिसळत होते, आणि एका ठिकाणी करंगळीएवढी धार निघून पायाशी येत होती. तिचा आवाज येत होता. मी तिच्याखाली तळवा धरला. इतकं गार पाणी मी जन्मात हातात घेतलं नव्हतं. भीती वाटली म्हणावी तर भीती नव्हती. बस्तीत, आमच्या जैन देवळात, मूर्तीच्या समोर पहिल्यांदा उभं केलं होतं तेव्हा लहानपणी असंच काही वाटलं होतं. हे पाणी कुठल्या पावसाचं? मागल्या वर्षीच्या? की प्लेगात लोक झोपड्यांत राहत होते त्या वर्षीच्या? मी साहेबांना विचारलं.

"मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "उभा जन्म पाण्यात गेला माझा, आणि मला माहीत नाही."

आक्कांनी चपला वरच काढून ठेवल्या होत्या. त्यांनी पितळी तांब्या धारेखाली धरला. भरायला वेळ लागला आणि सगळे थांबून राहिले. तांब्या भरला तसा काही माणसांनी हात पुढं केले. पहिलं पाणी देवाला, मग अध्यक्षांना, असं कुणीतरी म्हणालंही. आक्का वळल्या आणि त्यांनी तो तांब्या त्या वडाराच्या बाईच्या हातात दिला.

"तुझ्या हातनं निघालंय. आदी तू पी."

मागे कुजबुज झाली. एकदोघांनी तोंडं फिरवली. ती बाई तांब्या हातात घेऊन साहेबांकडे बघायला लागली. साहेबांनी मान डोलावली. मग तिनं डोकं मागं टाकून तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. नंतर तोच तांब्या पुन्हा धारेखाली धरून तिनं आक्कांना दिला. आक्का प्यायल्या. त्यानंतर मी.

पुढं घरं झाली. विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन बसलं, उंच टाकी झाली, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर नळ आले. वसाहतीच्या वरच्या टोकाला आमचं आणि आक्कांचं घर शेजारी शेजारी. स्वयंपाकघर शेवटी दक्षिणेला आलं, त्याचीही सवय झाली.

मला आश्चर्य वाटायचं ते पावसाळ्यात. आषाढात आमच्याकडे पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही. गल्लीतली विहीर असती तर काठोकाठ आली असती. ही मात्र आहे तिथंच. आणि भाद्रपदात, पाऊस ओसरून ऊन पडायला लागलं की तिचं पाणी चढायला लागायचं. पायऱ्यांवर पायऱ्या बुडत जायच्या, आभाळात ढग नसताना. वरच्या मोकळ्या माळावर पडलेलं पाणी चालत चालत तेव्हा येऊन पोचायचं. मी मुद्दाम बघायला जायची. सासरे काठी टेकत बरोबर येत, आणि दरवर्षी तेच म्हणत, "आलं बग."

वसाहत बघून गावातल्या आणखी लोकांनी घरांसाठी अर्ज केले. गरज खरीच होती. एकेका खोलीत आठ-आठ माणसं राहत होती. वरचा मोकळा माळ सोसायटीनं घेऊन तिथं नवे प्लॉट पाडावेत असं ठरू लागलं. युद्धाचे दिवस होते, जागा महाग होत चाललेली. सभा यावेळी आमच्याच मैदानावर भरली. साहेब फार थकले होते. खुर्चीत बसूनच बोलले.

"घरं बांधू नका असं मी म्हणत नाही. पूर्वेला खाली बांधा. तिथली जमीन पाणी धरत नाही, तिथं बांधून काही बिघडणार नाही. विहिरीचं पाणी त्यांनाही द्या. पण वरचा माळ झाकू नका. आपली विहीर इथं दिसते, पण ती आहे तिथं वर."

पूर्वेची जागा उताराची, रस्त्यापासून लांब. कुणाला ती नको होती. आक्कांच्या पुतण्यानंही वरचाच प्लॉट मागितला होता. तो शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता. कुणी मत द्यायला धजेना. सभासदांत बाई एकटी आक्काच. त्यांनी उठून हात वर केला आणि वरच ठेवला.

"मी बगितलंय त्ये कुठनं येतंय ते," एवढंच त्या म्हणाल्या. "आत उतरून बगितलंय."

मग आमच्या यांनी हात वर केला. मग जे त्या दिवशी विहिरीत उतरले होते ते एकेक करून. मोजायची वेळच आली नाही. पुतण्या उठून निघून गेला आणि नंतर बरीच वर्षं आक्कांच्या दारात आला नाही. पूर्वेला घर मिळालं, सुखानं राहिला, तरी आला नाही. आक्कांनी ते सोसलं.

साहेब पुढच्याच हिवाळ्यात गेले. त्यानंतर एक उन्हाळा असा आला की शहरातल्या विहिरी एकामागून एक आटल्या. शहापुरातून बैलगाड्यांवर पिंपं लादून माणसं आमच्या माळाकडे येऊ लागली. सोसायटीत कुणी हरकत घेतली नाही. इंजिन दिवसभर चालू ठेवलं. वैशाखात मी रोज सकाळी काठावर जाऊन बघायची. पायऱ्या उघड्या पडत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथून खाली पाणी गेलंच नाही. गाड्या येत होत्या, भरून जात होत्या, चाकांमागं रस्त्यावर ओली रेघ उमटत होती, आणि पाणी जिथं होतं तिथंच.

एका गाडीवानानं बैलांना पाजता पाजता मला विचारलं, "मावशी, हिला झरा किती हाय म्हणायचा?"

मी वर माळाकडे हात केला. गवत वाळून पांढरं झालेलं, करवंदीच्या जाळ्या, एक म्हैस, आणि क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही. मग त्यानं डोईचा पटका काढला, तोंड पुसलं, आणि गाडी हाकायच्या आधी माळाकडे तोंड करून हात जोडले.